मासळीच्या वाटेवरील जकाती : मिठापासून बर्फापर्यंत

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासपर लेख म्हटला म्हणजे त्यात मूळ पुरुषांची नावे, कुळे, देवके व दैवते यांची माहिती असावी, अशी वाचकांची सहज अपेक्षा असते. ती अपेक्षा योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूवर आपल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या, तिचाही एक इतिहास आहे. जाळ्यात सापडलेली मासळी बाजारात जाईपर्यंत तिच्या वाटेवर कोणकोणते नाके उभे राहिले, कोणत्या राज्यकर्त्याने किती कर घेतला आणि कोणत्या अटी घातल्या, याची हकीकत आपल्या वंशावळीइतकीच आपली आहे. ती थोडक्यात वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोलापूर समुद्रापासून दूर आहे. या कापसाच्या, ज्वारीच्या आणि मागांच्या मुलखाचा परदेशी जाणाऱ्या मासळीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या समाजाची एक शाखा समुद्राच्या काठी आणि दुसरी नदीच्या काठी वाढली. भीमा, नीरा व सीना यांच्या डोहांत जाळे टाकणारे आणि पंढरपुरास चंद्रभागेत नाव हाकणारे आपलेच आप्त होत. भक्त पुंडलिकाच्या मंदिरातील पूजेचा मान महादेव कोळ्यांकडे आहे, हे प्रत्येक वारकरी जाणतो. शिवाय नदीचे पाणी आटले म्हणजे देशावरच्या ताटात मासळी येई ती समुद्राचीच. सुके बोंबील, सुकट, जवळा आणि खारे बांगडे बैलांच्या पाठीवरून घाट चढून येत व आठवड्याच्या बाजारात विकले जात. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोचला आणि हा माल अधिक सुलभतेने येऊ लागला. सुकी मासळी हा आमच्या भागातील मजुराच्या भाकरीचा जुना सोबती आहे. ती महाग होण्याचे वा स्वस्त होण्याचे कारण मात्र बहुधा समुद्रात नसे. ते मिठाच्या कोठारात असे.

मोहतर्फा आणि मीठ

जुन्या राजवटींत शेतकऱ्याने सारा द्यावा आणि कसबी व उदमी लोकांनी मोहतर्फा द्यावा, असा रिवाज होता. मागावर, घाण्यावर, दुकानावर व नावेवर निरनिराळ्या नावांनी पट्ट्या बसत. त्याखेरीज माल एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात जाताना वाटेवर जकात द्यावी लागे. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील या वाटेवरच्या जकाती उठविण्यात आल्या. पण सरकारने एका हाताने सोडले ते दुसऱ्या हाताने घेतले. त्याच कायद्याने मिठावर मणास आठ आणे कर बसविला. पुढे १८४४ साली शहरांतील जकाती व मोहतर्फा रद्द करून त्यांची भरपाई म्हणून मिठाचा कर एकदम एक रुपयावर नेला. सुरतेच्या लोकांनी त्याविरुद्ध मोठा उठाव केला, तेव्हा तो बारा आण्यांवर आणणे सरकारास भाग पडले. परंतु ही माघार कायमची नव्हती. १८७८ च्या सुमारास हा कर अडीच रुपये मण झाला. १८८२ साली दोन रुपये झाला. १८८८ साली पुन्हा अडीच रुपयांवर गेला. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला, आणि १९२३ साली पुन्हा एका वर्षापुरता अडीच रुपये झाला.

हे आकडे आज किरकोळ वाटतील. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहू. मासळी खारविण्यास तिच्या वजनाच्या चौथाईइतके मीठ लागते असे धरले, तर एक मण ताज्या मासळीस पाव मण मीठ हवे. अडीच रुपये दराने या पाव मणावर दहा आणे नुसता कर झाला. मिठाची किंमत, मजुरी व भाडे निराळेच. ज्या काळात मजुराची दिवसाची कमाई आण्यांत मोजली जाई, त्या काळात हे दहा आणे कोळ्याने आणावयाचे कोठून? म्हणून तो मीठ कमी घाली. कमी मिठाची मासळी लवकर नासे. नासकी मासळी पडेल त्या भावाने जाई. आणि मग सरकारी अहवालात लिहिले जाई की, या देशातील मच्छीमारांस मासळी टिकविण्याची कला अवगत नाही!

यात ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. बोंबील हा पाणथळ मासा मिठाशिवाय केवळ उन्हा-वाऱ्यावर वाळतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगले म्हणजे काम होते. जवळा व सुकटही अंगणात पसरून वाळविता येते. बांगडा, मुशी, सुरमई यांस मात्र मीठ अवश्य लागते. अर्थात मिठाच्या कराचा भार सर्व मासळीवर सारखा पडला नाही. जिला मीठ लागत नाही ती मासळी गरिबाच्या बाजारात टिकली. देशावरच्या बाजारांत बोंबील व सुकट यांचे जे प्राबल्य दिसते, त्याच्या मुळाशी चवीइतकाच हा करही असावा, असे आम्हांस वाटते.

खारवणीचे सरकारी आवार

या अन्यायाकडे ज्या थोड्या अधिकाऱ्यांनी लक्ष वेधले त्यांत डॉ. फ्रान्सिस डे यांचे नाव घेतले पाहिजे. हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे ते महानिरीक्षक होते, आणि येथील मत्स्यजातींवरील त्यांचा ग्रंथ अद्यापि प्रमाण मानला जातो. १८७३ साली समुद्री मासेमारीवर लिहिताना त्यांनी मिठाच्या करामुळे मासळी टिकविण्याच्या धंद्याचे कसे नुकसान होते, हे दाखवून दिले. त्यानंतर मद्रास इलाख्यात आणि पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही मासळी खारविण्याची सरकारी आवारे निघाली. त्यांत करमुक्त अगर अल्प दराचे मीठ मिळे. परंतु मासळी आवारातच खारविली पाहिजे, मिठाचा कण बाहेर नेता कामा नये, अशी सक्त अट असे. म्हणजे कर गेला आणि त्याच्या जागी कुंपण, पहारा व नोंदवही आली. ज्यास आवार जवळ होते त्याचा लाभ झाला. ज्याचे गाव दूरच्या खाडीवर होते तो पूर्वीसारखाच राहिला. कराची जागा अटीने घ्यावी, आणि अट पाळण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्यानेच तरावे, हा प्रकार येथे प्रथम स्पष्ट दिसतो. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत तो पुनःपुन्हा आढळणार आहे.

गोमंतकाची हकीकत याहून उद्बोधक आहे. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि १८८० च्या आरंभापासून तो अंमलात आला. त्यान्वये दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत पडली; पण गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले. पोर्तुगीज सरकारास त्याबद्दल वर्षास चार लक्ष रुपये मिळत. रक्कम सरकारास मिळाली. स्वस्त मिठावर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या मिठागरवाल्यांस व मासळी खारविणारांस काय मिळाले? १८९२ साली हा तह संपला. व्यापारी करारात सीमा मोकळी झाली एवढ्यानेच लहान धंदेवाल्याचे कल्याण होत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

सोलापूर आणि मिठाचा प्रश्न

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचाच कायदा मोडावयास निवडला, याचे पुष्कळांस तेव्हा नवल वाटले. आपल्या समाजास ते वाटण्याचे कारण नव्हते. ६ एप्रिल रोजी दांडीस मीठ उचलले गेले. मेच्या आरंभी गांधीजींस अटक होताच सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, काही दिवस शहरात सरकारचा अंमल उरला नाही, आणि १२ मेपासून येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. हा इतिहास सोलापुरात लहान मुलासही ठाऊक आहे. त्यास आम्ही एवढीच पुस्ती जोडतो की, ज्या करापासून ही ठिणगी पडली, तो समुद्रापासून दूर असलेल्या या शहराच्याही भाकरीवर व कोरड्यासावर बसत होता. १९४७ च्या एप्रिलपासून मिठाचा कर रद्द झाला. आपल्या धंद्यावरील शंभर वर्षांहून अधिक काळाचे ओझे त्या दिवशी उतरले.

समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक

आता परदेशच्या व्यापाराकडे वळू. मुशीचे पर आणि घोळीच्या पोटातील हवेची पिशवी या वस्तू मुंबईहून चीनकडे फार पूर्वीपासून जात. खारी व सुकी मासळी सिंहलद्वीपास, आणि मलबारची वाळविलेली कोळंबी रंगूनास जाई. हा सर्व माल अत्यल्प संस्कार केलेला असे. ऊन, मीठ व वारा यांपलीकडे त्यास यंत्राचा स्पर्श नव्हता. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला आणि कालपर्यंतचा घरचा बाजार परका झाला. पुढे महायुद्धात, १९४२ साली, रंगून पडले आणि तो व्यापार बंदच झाला. माल तोच, गिऱ्हाईक तेच, मधला समुद्रही तोच. परंतु नकाशावरील एक रेघ बदलली की व्यापाऱ्याच्या वखारीतील माल पडून राहतो.

स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपल्या निर्यातीत सुक्या मासळीचेच वर्चस्व होते. १९५३ साली कोचीहून गोठविलेली कोळंबी प्रथम अमेरिकेस गेली, तेव्हा तिचे प्रमाण नगण्य होते. १९६१ पासून मात्र गोठविलेल्या मालाने सुक्या मालास मागे टाकले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला, आणि गोठविलेल्या व डबाबंद मासळीस परदेशी बाजारात मोठीच चालना मिळाली. उन्हाची जागा बर्फाने घेतली. यात देशाचा लाभ झाला हे निर्विवाद आहे. २०२४-२५ या वर्षात भारतातून सुमारे १७ लक्ष टन सागरी उत्पादने परदेशी गेली व त्यांचे मोल ६२,४०८ कोटी रुपये झाले. परंतु ऊन सर्वांच्या अंगणात फुकट पडते. शीतगृह भांडवलाशिवाय उभे राहत नाही. वलांडीवर बोंबील टांगणारी आपली भगिनी स्वतःच्या मालाची मालकीण होती. गोठवणीच्या कारखान्यात कोळंबी सोलणारी तिची मुलगी रोजंदारीची मजूर झाली. निर्यातीच्या आकड्यांत हा फरक कोठेही दिसत नाही.

दरपत्रकातील दोन प्रकरणे

मासळीवर परदेशात किती आयात-कर पडेल हे ठरविण्यासाठी जगातील बहुतेक देश एकाच वर्गीकरणाचा अवलंब करतात. १९८८ पासून चालू असलेल्या या वर्गीकरणात ताजी, बर्फातील, गोठविलेली, खारविलेली, वाळविलेली व धुरावलेली मासळी तिसऱ्या प्रकरणात येते. शिजविलेली, मसाला लावलेली वा डबाबंद केलेली मासळी सोळाव्या प्रकरणात जाते. दिसावयास ही कारकुनी वाटणी आहे. पण सारा व्यापार तिच्यावर तोलला आहे. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या सर्वसाधारण दरपत्रकात गोठविलेल्या कच्च्या कोळंबीवर १२ टक्के, तर तयार केलेल्या कोळंबीवर २० टक्के कर होता. भारतास विकसनशील देश म्हणून सवलत मिळाली तेव्हाही हे दर अनुक्रमे ४.२ व ७ टक्के, म्हणजे त्याच प्रमाणात, राहिले. याचा अर्थ उघड आहे. कच्चा माल आणा, तुमचे स्वागत आहे; शिजवून आणाल तर दाराशी अधिक मोजा. शिजविण्याची मजुरी व नफा त्यांच्या देशात राहावा, हा त्यातील हेतू होय.

सोलापूरकरांस ही युक्ती नवी नाही. १८७७ साली येथे जुनी गिरणी चालू झाली. १८९६ साली इंग्रज सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविला, तो लँकेशायरच्या गिरण्यांस येथील स्पर्धा जड जाऊ नये म्हणून. तो उठावयास १९२६ साल उजाडले. कापूस खुशाल पाठवा, कापड विणू नका. मासळी खुशाल पाठवा, शिजवू नका. धोरणाचे सूत एकच आहे.

करावाचून बंद झालेले दार

परंतु अलीकडच्या काळात कराहूनही अटी प्रबळ झाल्या आहेत. १९९७ साली युरोपीय संघाने आरोग्याच्या कारणावरून भारतीय मासळीच्या आयातीवर बंदी घातली, आणि पुढे फक्त मान्यताप्राप्त कारखान्यांतील मालास दार उघडले. या नियमात आपला सुका बोंबील सापडला. त्यावर जबर कर बसला नव्हता, की त्याने कोणास आजारी पाडल्याचे ठरले नव्हते. तो कारखान्यात तयार होत नाही, उघड्यावर वाळतो, एवढाच त्याचा अपराध! विलायतेत वर्षाकाठी सुमारे १३ टन बोंबील खपत असे. तो एकदम बंद झाला. तेथील खवय्यांनी चळवळ आरंभिली, भारतीय वकिलातीने रदबदली केली, आणि शेवटी असे ठरले की, बोंबील पूर्ववत उन्हात वाळवावा, मात्र तो मान्यताप्राप्त केंद्रात बांधला जावा. मुंबईत असे केंद्र मिळाल्यावर व्यापार पुन्हा सुरू झाला.

या प्रकरणापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. स्वच्छतेची अट स्वभावतः वाईट नव्हे. वाळूवर, धुळीत व माश्यांत मासळी पसरण्याचे समर्थन आपण करू नये. खाणाराच्या जिवाशी प्रश्न असतो. पण परंपरागत पद्धत टाकून न देता अट पाळण्याचा मार्ग काढता येतो, हेही त्यातून सिद्ध झाले. वाळविणे जुने राहिले, बांधणे नवे झाले. मात्र बांधणीचे केंद्र ज्याचे, त्याच्या हाती व्यापाराची किल्ली गेली.

तिसरा प्रकार अमेरिकेचा. तेथे कोळंबीवर साधा आयात-कर नव्हता. परंतु भारतासह सहा देश कोळंबी अयोग्य अशा स्वस्त भावाने विकतात, अशी तक्रार तेथील कोळंबी पकडणारांनी केली, आणि फेब्रुवारी २००५ पासून जादा कर लागू झाला. भारतातील बहुसंख्य निर्यातदारांस त्याचा दर १०.१७ टक्के पडला. शिवाय आयात करणाऱ्याने मोठ्या रकमेचे हमीपत्र आगाऊ द्यावे अशी अट घालण्यात आली. तिच्याविरुद्ध भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली व २००८ साली निकाल भारताच्या बाजूने लागला. गमतीची गोष्ट ही की, या करातून वाळविलेली कोळंबी वगळलेली होती. पण तोवर आपल्या व्यापाऱ्यांचे सारे लक्ष बर्फाकडे लागलेले होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ आणि नंतर आणखी २५ टक्के कर चढविला, तेव्हा पूर्वीचे जादा कर धरून कोळंबीवरील एकूण बोजा ५८ टक्क्यांवर गेला. भारताच्या मासळी-निर्यातीच्या मोलाचा सुमारे दोनतृतीयांश भाग एकट्या गोठविलेल्या कोळंबीचा, आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. एका खुंटीवर सारे जाळे टांगले म्हणजे खुंटी हलताच काय होते, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

उजनीच्या काठावरून

या सर्वांचा सोलापूर जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांशी काय संबंध? १९८० साली उजनी धरण पुरे झाले. भीमेचे जुने डोह बुडाले आणि सुमारे ११७ अब्ज घनफूट पाण्याचा यशवंतसागर पसरला. नदीचा कोळी जलाशयाचा कोळी झाला. त्याच्या जाळ्यात आज कटला, रोहू, मरळ, वाम यांबरोबर, किंबहुना त्यांहूनही अधिक, चिलापी येते. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो सिंहलद्वीपावरून भारतात आला. ज्या बेटास आपण सुकी मासळी पाठवीत होतो, त्याने आपणांस जिवंत मासा परत पाठविला! आपल्याकडे चिलापी हलक्या भावाची समजतात. परंतु तिचेच काटे काढून, तुकडे गोठवून चीनने जगभर मोठा व्यापार उभारला आहे. मासा तोच, फरक पडतो तो पकडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, बर्फात, स्वच्छ पाण्यात आणि सुरीच्या कसबात.

म्हणून इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे. कर चढतात आणि उतरतात. ते आपल्या हाती नाहीत. परंतु आवार, शीतगृह व बांधणीचे केंद्र कोणाच्या मालकीचे असावे, हे काही अंशी आपल्या हाती आहे. १८७० नंतरच्या मिठाच्या आवारापासून १९९७ च्या बोंबलापर्यंत प्रत्येक वेळी अट पाळण्याची साधने ज्याच्यापाशी होती तोच तरला. ही साधने एकट्या कुटुंबास परवडणारी नाहीत. सहकारी संस्थेस परवडतील. सहकाराच्या बळावर या जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहिले, तर बर्फाचा कारखाना व मासळी साफ करण्याची शाळा का उभी राहू नये? मुंबईस १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. कोचीस १९५७ पासून मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. १९७२ पासून सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. तेथे शिकून आलेली आपली मुले-मुली परदेशी दरपत्रक वाचू शकली, तर तिसऱ्या प्रकरणात कोठे थांबावयाचे आणि सोळाव्या प्रकरणात केव्हा पाऊल टाकावयाचे, हे आपले आपण ठरवू शकू.

आणि हे ठरविताना सुकी मासळी विकणाऱ्या आपल्या माताभगिनींस विसरता कामा नये. मिठाचा कर, महायुद्ध व बर्फ या सर्वांतून आठवड्याच्या बाजारातील त्यांची पाटी टिकून राहिली. तिच्यावर कोणत्याही देशाचे दरपत्रक चालले नाही. नव्या धंद्यात त्यांस मजूर म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून स्थान मिळावे. पुढील पिढीतील कोणी या विषयावर लिहावयास बसेल, तेव्हा त्यास जकातींच्या यादीबरोबर आपल्या संस्थांचीही यादी देता यावी, एवढीच आमची इच्छा आहे.